ताटातलं न दिसणारं मीठ

प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चमचाभरही नाही! मराठी घरात आमटी-भाजीतलं मीठ धरलं, तरी लोणच्याची फोड, पापड, ताटात वरून वाढलेलं मीठ आणि चहासोबतचं फरसाण उरतंच. पाव-बिस्किटांतही मीठ असतं, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

जास्त मिठाने रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. खरा धोका तोच.

फिनलंडने १९७०च्या दशकाच्या अखेरीस मीठ कमी करण्याची मोहीम हाती घेतली. १९९३ पासून जास्त मिठाच्या पदार्थांच्या वेष्टनावर इशारा सक्तीचा झाला. लोकांच्या आहारातलं मीठ घटलं, सरासरी रक्तदाबही उतरला. भारतातल्या पाकिटांवरही असाच ठळक इशारा हवा, ही या अंकाची ठाम भूमिका आहे.

तोवर स्वयंपाकघरात लिंबू, कोकम, मिरपूड आहेच. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते. पोटॅशियमयुक्त मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि वाचकहो, तब्येत ठणठणीत वाटत असली तरी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत न्या.