दहा मिनिटांची भेट

तुमच्या ओळखीचे कुणी आजी-आजोबा मधुमेहासाठी इन्शुलिनचं इंजेक्शन घेतात का? पूर्वी हे औषध डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. काहींना ते सोसायचं नाही, अंगावर पुरळ उठायचं. शिवाय रुग्ण वाढतच होते. मग माणसाचं इन्शुलिन आणायचं कुठून?

ते मिळालं एका प्राध्यापकांमुळे! हर्बर्ट बॉयर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात होते. १९७३ मध्ये स्टॅन्ले कोहेन यांच्याबरोबर त्यांनी एक युक्ती शोधली. एका जीवाचा जनुक काढून जिवाणूत बसवायचा! जनुक म्हणजे पेशीला मिळालेली सूचनाच. जिवाणू ती निमूटपणे पाळतो आणि पोषक वातावरणात वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतो. आहे ना गंमत?

१९७६ मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन हा तरुण बॉयरना भेटायला आला. या युक्तीतून औषधं करणारी कंपनी काढावी, असं त्याच्या मनात होतं. बॉयरनी त्याला दहाच मिनिटं दिली होती, पण गप्पा चालल्या चांगल्या तीन तास! दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घातले आणि 'जेनेन्टेक' कंपनी जन्माला आली.

विद्यापीठातले काही सहकारी मात्र रागावले. ज्ञान का विकायचं? कंपनीत गेलेलं संशोधन तिजोरीत बंद होणार नाही का? ही भीती अगदीच खोटी नव्हती. कंपन्या आपली गुपितं जपतातच. बॉयरनी विद्यापीठ सोडलं नाही. शिवाय कंपनीतल्या शास्त्रज्ञांनीही आपले शोधनिबंध प्रसिद्ध करावेत, असा त्यांनी आग्रह धरला. त्यामुळे हुशार तरुण शास्त्रज्ञ तिकडे यायला तयार झाले. १९७८ मध्ये जिवाणूंकडून माणसाचं इन्शुलिन तयार करून घेण्यात यश आलं, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं.

आता बघा हं, विद्यापीठात ती युक्ती सापडलीच नसती, तर कंपनीनं काय बनवलं असतं? आणि कंपनी निघाली नसती, तर ती युक्ती आजीच्या इंजेक्शनपर्यंत कधी पोचली असती?

मोठेपणी तुम्हाला असा शोध लागला, तर तुम्ही तो सगळ्यांना सांगाल की कुलपात ठेवाल? आज रात्री जेवताना आई-बाबांनाही विचारा. भांडण होईल, पण मजेचं!