विटाळ म्हणू नका, काचपट्टी तपासा!

"अंगावरून पांढरं जातंय" हे वाक्य मराठवाड्यातली बाई सहज कुणाला सांगत नाही. आधी महिनोन्‌महिने अंगावर काढते, मग जावेला सांगते, मग आशाताईला. आणि एवढं धाडस करून ती दवाखान्यात पोचली, की तिच्यापुढे तीन उत्तरं ठेवली जातात. पहिलं उत्तर म्हणजे लाज. दुसरं, न तपासता दिलेल्या गोळ्या. तिसरं, "पिशवी काढून टाका." या तिन्ही उत्तरांना आमचा विरोध आहे, कारण चौथं उत्तर विज्ञानाकडे शंभर वर्षांहून अधिक काळ आहे आणि ते आमच्या बायांपर्यंत पोचू दिलेलं नाही.

ते उत्तर समजून घेऊ. १८९२ साली डोडरलाईन या जर्मन डॉक्टरने योनिमार्गातल्या जिवाणूंचं वर्णन केलं. आज त्यांना आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दह्यात असतात त्यांच्याच कुळातले हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, योनिमार्ग आंबट ठेवतात (पीएच साधारण ३.८ ते ४.५) आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. हे राखणदार कमी झाले आणि गार्डनरेला वगैरे दुसरे जिवाणू माजले, की पातळ पाणी जातं, माशासारखा वास येतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. खाजेचं बुरशीचं दुखणं वेगळं, ट्रायकोमोनास हा परजीवीही वेगळा. तिघांचं औषध एक नाही. नुसतं ऐकून किंवा वरवर पाहून यांच्यातला फरक खात्रीने सांगता येत नाही. जिवाणूंचा तोल बिघडलाय का, हे काचपट्टीवर ग्रामरंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतं. १९९१ पासून त्याची गुणपद्धतही ठरलेली आहे : ० ते ३ ठीक, ४ ते ६ अधलंमधलं, ७ ते १० बिघाड.

आता मनुवादी व्यवस्थेकडे या. तिने बाईच्या पाळीला आणि अस्पृश्याच्या सावलीला एकच शब्द दिला : विटाळ. शुद्ध म्हणजे कुणाचाही स्पर्श नसलेलं, ही तिची व्याख्या. पण निसर्ग काय सांगतो? बाईचं शरीर निरोगी राहतं ते कोट्यवधी जिवाणूंच्या सहवासामुळे. निर्जंतुक योनी हे आरोग्याचं लक्षणच नाही. साबणाने, सुगंधी द्रवाने आतून धुण्याचा खटाटोप त्या राखणदारांनाच हुसकावतो. सोवळ्याच्या कल्पनेला सूक्ष्मदर्शकाने दिलेलं याहून सणसणीत उत्तर कोणतं?

हे दुखणं थोडक्या बायांचं आहे, असं कुणी म्हणू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

सरकारने यावर काय केलं? 'सुरक्षा क्लिनिक' काढली आणि रंगीत पाकिटं दिली. पांढरं जातंय? हिरवं पाकीट घ्या! त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे जिवाणू असो वा बुरशी, दोन्हींवर एकदम मारा. प्रयोगशाळा नाही तिथे काहीच न देण्यापेक्षा हे बरं, हे मान्य. पण तात्पुरती सोय कायमची झाली. मलेरियासाठी गावोगाव रक्ताची काचपट्टी घेतली जाते, क्षयासाठी बेडका सूक्ष्मदर्शकाखाली जातो. मग बाईच्या पांढऱ्या पाण्यालाच काचपट्टी का मिळत नाही? यंत्र आहे, तंत्र आहे, इच्छा नाही!

या 'इच्छा नाही'ची किंमत बीडने मोजली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. यात बहुसंख्य कोणत्या जातींच्या, हे सांगायला नको. कॅन्सरची भीती घालून, पांढरं जाण्यासारख्या तक्रारीवरही पिशव्या काढल्या गेल्या. काचपट्टीचं काम सुरीवर गेलं.

आणि आमची विष्णुपुरी? इथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. तेव्हाच्या खासदारांनी काय केलं? आदिवासी समाजाच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. ॲट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदला गेला. सत्तेला आरोग्य म्हणजे झाडू एवढंच कळतं, आणि तो झाडू कुणाच्या हाती द्यायचा हेही पक्कं ठाऊक असतं. औषधं, माणसं आणि तपासण्या मागे पडतात. किनवट-माहूरच्या तांड्यावरच्या बाईने मात्र रोज बुडवून विष्णुपुरीला खेटे घालायचे.

आता एक सावधगिरी आपल्याच माणसांसाठी. जिवाणूंची मोजणी हा नवा विटाळ होऊ देऊ नका. २०११ साली अमेरिकेत कसलाही त्रास नसलेल्या ३९६ स्त्रियांच्या जिवाणूंचा अभ्यास झाला. लॅक्टोबॅसिलसचं राज्य नसलेल्या स्त्रिया गोऱ्यांमध्ये सुमारे १० टक्के, तर कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे ४० टक्के निघाल्या. म्हणजे 'नॉर्मल' कुणाच्या शरीरावरून ठरवायचं, हाही राजकीय प्रश्न आहे. काचपट्टीवरचा आकडा हा उपचाराचा आधार आहे, बाईच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पांढऱ्या पाण्याची काचपट्टी घेतली जावी. वाळवलेली काचपट्टी टपालानेही जाते. ती विष्णुपुरी आणि लातूरच्या शासकीय महाविद्यालयांत वाचली जावी. अहवाल मराठीत, बाईच्या हातात मिळावा. तपासायला स्त्री कर्मचारी आणि आडोशाची खोली असावी. आणि तपासणीच्या लेखी अहवालाशिवाय पांढऱ्या पाण्यासाठी कुणाचीही पिशवी काढली जाऊ नये.

१९३८ साली संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांनी पी. जे. रोहम यांच्याकरवी मुंबई विधानसभेत मांडला होता. बाईचं शरीर हा विधिमंडळाचा विषय आहे, हे त्यांनी तेव्हाच ठणकावलं. तो ठराव पडला, प्रश्न पडलेला नाही. पुढच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. बायांनी मांडावा, पुरुषांनी मागे उभं राहावं.

जय भीम!