उजेड नेमका कुणासाठी?

मैत्रिणींनो, दिवाळी तोंडावर आली की गॅलरीचे कठडे विजेच्या माळांनी भरून जातात. कॉलेज रोडवरचा बंगला असो, नाहीतर सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, आपलं घर रस्त्यावरून उठून दिसावं असं प्रत्येकीलाच वाटतं. त्यात गैर काहीच नाही. पण यंदा माळ लावण्याआधी एका घराची हकिकत ऐका.

अमेरिकेत शिकागोपासून काही अंतरावर फॉक्स नदीच्या काठी हे घर आहे. एडिथ फार्न्सवर्थ या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी ते सुट्टीचे दिवस निवांत घालवायला बांधून घेतलं. वास्तुशिल्पी होते मीस व्हान डर रोह. शहरोशहरी ज्या काचेच्या नि पोलादाच्या इमारती दिसतात, त्यांच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९५१ साली घर पुरं झालं. एकच मोठी खोली, पोलादी खांबांवर जमिनीपासून पाचेक फूट उचललेली, आणि चारी बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काचच काच. ना कोनाडा, ना माजघर!

या घरावर २०१९ साली पेट्रा बाखमायर आणि शॉन गॅलेरो या शिकागोच्या कलावंत जोडीनं उजेडाची कलाकृती मांडली. त्यांच्या संस्थेचं नाव ‘लुफ्टवर्क’. त्यांनी कुठं रंग फासला नाही की बांधकामाला धक्का लावला नाही. आराखड्याच्या कागदावर असतात तशा सरळ रेषा प्रकाशानं घरावर नि भोवताली उमटवल्या. त्याच वर्षी बार्सिलोना शहरातल्या मीस यांच्या मंडपावरही त्यांनी असाच प्रयोग केला. तो मंडप १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, पुढच्याच वर्षी उतरवलेला आणि १९८६ साली जुन्याबरहुकूम पुन्हा उभारलेला. दिवे विझले की भिंतीवर ओरखडासुद्धा राहत नाही. आपल्या रांगोळीची जातकुळी ही! दारात काढायची, डोळे भरून पाहायची, दुसऱ्या दिवशी अंगण पुन्हा मोकळं.

पण त्या घरात राहणाऱ्या बाईंचं काय? रात्री दिवा लावला की अख्खं घर कंदिलासारखं उजळायचं, आतलं सगळं बाहेर दिसायचं. उजेडावर डास नि किडे यायचे ते निराळेच. खर्चावरून वाद होऊन प्रकरण कोर्टात गेलं. १९५४ साली तर नदीचा पूर थेट घरात शिरला. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, ते विचारून घरातलं सामान वर उचलणाऱ्या नाशिककरणींना त्याचं दुःख वेगळं सांगायला नको. कौतुक मात्र वर्षानुवर्षं वास्तुशिल्पीचंच झालं. अखेर २०२१ साली त्या घराला बाईंचं पूर्ण नाव दिलं गेलं, ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की बाहेरून देखणा दिसणारा उजेड आत वावरणारीच्या सोयीचा असतोच असं नाही. जुन्या वाड्यातली देवळी आठवा. वारा लागू नये म्हणून दिवा भिंतीच्या पोटात, हाताच्या उंचीवर, आणि जिथं काम तिथंच. आता ब्लॉकमध्ये ट्यूब असते मागच्या भिंतीवर, छताजवळ. आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलो की आपलीच सावली विळीवर आणि कढईत पडते. डोळे ताणतात, बोट कापतं, तांदळातला खडा सुटतो. दोष नजरेचा नसतो, दिव्याच्या जागेचा असतो.

तेव्हा या चार गोष्टी करून पाहा. ओट्यावरच्या कपाटाच्या खालच्या कडेला एक छोटा दिवा किंवा पट्टी लावून घ्या. नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड देतो, त्यामुळे बिलाची भीती नको. वाचायला, टाके घालायला बसताना दिवा बाजूनं यावा. उजव्या हातानं काम करत असाल तर डावीकडून. बैठकीत उघडा दिवा डोळ्यांवर येऊ देऊ नका. भिंतीवर पाडलेला पिवळसर उजेड खोलीला ऊब देतो. संध्याकाळी दिवा लावण्याआधी पडदा ओढा, म्हणजे आपलं घर समोरच्या गॅलरीचं नाटक होणार नाही.

माळा लावताना वायर कुठं सोललेली नाही ना, ते पाहा. एकाच प्लगला चार माळा जोडू नका. पणत्या पडद्यापासून लांब ठेवा. आणि वायरमन घरी आलाच आहे, तर त्याला आधी स्वयंपाकघरात न्या. गॅलरीतली माळ चार दिवसांची. ओट्यावरचा दिवा वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तुमच्या कामी येणार आहे.