फोकस मंद करायचेत? आधी सीलिंगमध्ये डोकवा

दसरा-दिवाळी जवळ आली की धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठेही इलेक्ट्रिकच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येते. हॉलला पीओपीचे सीलिंग, सीलिंगमध्ये सहा-आठ छोटे फोकस, आणि टीव्ही बघताना उजेड जरा कमी हवा. दुकानदार हाताला लागेल तो रेग्युलेटर देतो, वायरमन तो बोर्डात बसवून मोकळा होतो. पहिल्या रात्री घर खूश. मग वरून गुणगुण ऐकू येऊ लागते, दिवे लुकलुकतात आणि एक दिवस काहीतरी जळाल्याचा वास येतो. हे सगळे टाळता येते. बटण विकत घेण्याआधी वर काय बसवले आहे ते पाहा, एवढीच विनंती.

लग्नाच्या मांडवातल्या मोठ्या हॅलोजनची ही गोष्ट नाही. आरशाच्या छोट्या वाटीत बसवलेल्या, 12 व्होल्टवर चालणाऱ्या हॅलोजन फोकसची आहे. घरात वीज येते 230 व्होल्टची, म्हणून दिव्याच्या आधी ट्रान्सफॉर्मर लागतो. उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाची, म्हणजे डिमरची, जोडी जमवायची ती या ट्रान्सफॉर्मरशी, दिव्याशी नाही.

ट्रान्सफॉर्मर दोन जातींचे. जुना असेल तर लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळलेला, हातात घेतला की वजन कळते. नवा इलेक्ट्रॉनिक म्हणजे साबणाच्या वडीएवढी हलकी चपटी डबी. मेन स्विच बंद करा, एक फोकस खाली ओढा आणि डबीवरचे लेबल मोबाइलच्या उजेडात वाचा. नुसते वाचू नका, फोटो काढून दुकानात न्या. चांगल्या डिमरवर रोमन अक्षरे छापलेली असतात: ‘एल’ म्हणजे गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी, ‘सी’ म्हणजे इलेक्ट्रॉनिकसाठी. नुसते ‘आर’ असेल तर तो साध्या पिवळ्या बल्बचा, तुमच्या कामाचा नाही. इलेक्ट्रॉनिक डबीवर ‘डिमेबल’ लिहिलेले नसेल तर कोणताही डिमर लावू नका.

आणि पंख्याचा रेग्युलेटर तर मुळीच नको. आपल्याकडे हा उद्योग सर्रास चालतो. तो रेग्युलेटर सत्तर-ऐंशी वॅटच्या पंख्यासाठी बेतलेला असतो. 50 वॅटचे सहा फोकस म्हणजे 300 वॅट. डिमर घेतानाही बेरजेपेक्षा सैल माप घ्या, कारण ट्रान्सफॉर्मर स्वतःही थोडी वीज खातो. डिमर बसतो तो 230 व्होल्टच्या बाजूला. 12 व्होल्टच्या बाजूला 50 वॅटच्या एकाच दिव्याला चार अँपिअरच्या वर करंट लागतो. तिथे बारीक वायर वापरली तर उजेड तर कमी होतोच, वायरही तापते.

उष्णतेचे जरा सविस्तर सांगायला हवे. या फोकसच्या मागची चकचकीत वाटी उजेड खाली पाठवते, पण बऱ्याच वाट्यांतून उष्णता मागे, म्हणजे सीलिंगच्या पोटात जाते. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात माळवदाची धास्ती बसली आणि पत्र्याची, स्लॅबची घरे वाढली. पत्र्याखाली उन्हाळा सोसवत नाही म्हणून लोक थर्मोकोल नाहीतर पीव्हीसीचे सीलिंग मारतात. त्यात हॅलोजन बसवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पीओपीतही दिव्याच्या मागे मोकळी जागा हवी; ट्रान्सफॉर्मर दिव्याला चिकटून नको, त्यावर चिमणीचे घरटे, काथ्या, भुसा काही नको. डिमरचे बटण हाताला कोमट लागणे ठीक, पण चटका बसत असेल तर लाइन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

दिवे सारखे का उडतात, हाही नेहमीचा प्रश्न. डीपीवरचा लोड रात्री उतरला की व्होल्टेज चढते. 230चे 250 झाले तर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर 12 ऐवजी 13 व्होल्ट देतो आणि दिव्याचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. एका ट्रान्सफॉर्मरवर चार दिवे असतील आणि एक गेला, तर उरलेल्या तिघांवर दाब थोडा वाढतो. म्हणून गेलेला दिवा लगेच बदला. बदलताना नवा दिवा थंड आणि कोरडा हवा, काचेला बोट लावू नका. हाताचे तेल राहिले तर काच तिथेच जळते. उलट, फोकस कायम अगदी मंद ठेवले तर काच आतून काळवंडू शकते. मधूनमधून थोडा वेळ पूर्ण उजेडावर चालवा.

मंद केले की बिल वाचते, हा समज अर्धाच खरा. उजेड निम्मा केला तरी हॅलोजन सुमारे सत्तर टक्के वीज घेतच राहतो. सहा फोकस रोज पाच तास पूर्ण चालले तर महिन्याला 45 युनिट होतात. त्याच जागी 7 वॅटचे एलईडी लावले तर सहा-सव्वासहा.

त्यामुळे नवे घर बांधत असाल तर हॅलोजनचा विचारच सोडा. जुन्या घरात एलईडी बसवणार असाल, तर मात्र जुना ट्रान्सफॉर्मर आणि जुना डिमर तसाच ठेवून नुसते दिवे बदलू नका. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला आणि डिमरला चालायला काही किमान लोड लागतो आणि एलईडी बहुतेक वेळा तेवढा देत नाहीत. मग ते लुकलुकतात, नाहीतर बटण बंद असतानाही मिणमिणत राहतात. थेट 230 व्होल्टवरचे, खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेले एलईडी घ्या, ट्रान्सफॉर्मर काढून टाका आणि एलईडीसाठीचा डिमर लावा. दुकानातच एक दिवा त्या डिमरवर जोडून, अगदी मंद करून बघा. घरी इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर ही लाइन त्याच्यावर घेऊ नका. लाइट गेल्यावर हॉलला एक साधा बल्ब पुरतो.