खोपोलीला दुसरा रूळ हवा!

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि अवघ्या तीन वर्षांत, 1856 साली, रूळ खोपोलीला पोचले. बोरघाट तेव्हा फुटायचा होता. पुण्याकडे जाणारा माणूस खोपोलीला उतरून पालखीत नाही तर तट्टावर बसून घाट चढे. 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली, मुख्य मार्ग पळसदरीहून वर वळला आणि खोपोली फाट्यावर पडली. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती तिथेच पडून आहे!

कर्जत ते खोपोली अंतर जेमतेम 15 किलोमीटर. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. एवढ्या टप्प्यावर आजही एकेरी रूळ आहे. त्याच रुळावरून जायचे आणि त्याच रुळावरून यायचे, मग गाड्या वाढणार कशा?

संध्याकाळी कर्जतच्या फलाटावर उभे राहून पाहा. मुंबईची लोकल दहा मिनिटे उशिरा येते. ती थांबायच्या आत माणसे उतरून धावत सुटतात आणि खोपोलीच्या गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडताना दिसतो. पुढची गाडी तासाने, कधी त्याहूनही उशिरा. कारखान्यात पाळी करून आलेला कामगार, कॉलेजातून परतणारी मुलगी, सगळे तिथेच बाकांवर बसकण मारतात. पावसाळ्यात शेवळांची, कंटोळ्यांची पाटी घेऊन पहाटे निघालेल्या ठाकर बाईची गाडी चुकली, तर भाजी कोमेजते आणि तिचा दिवस बुडतो. हा तिचा गुन्हा आहे काय?

‘उत्पन्न नाही’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. गाडीच नसेल तर प्रवासी येणार कुठून? 1915 पासून खोपोलीच्या वीजघराने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. मोटारवाल्यांसाठी याच गावाजवळून डोंगर फोडून द्रुतगती मार्ग नेला. त्या वेळी पैसा सापडला! पासवाल्याची पाळी आली की मात्र तिजोरी रिकामी होते. हा उघड अन्याय आहे.

दुसरा रूळ टाका. तो पडेपर्यंत निदान एवढे करा : मुंबईची लोकल पोचल्याशिवाय कर्जतहून खोपोलीची गाडी सोडू नका. त्याला ना जमीन लागते, ना निधी.

आणि कर्जत-खालापूरच्या मतदारांनो, मत मागायला दारात येईल त्याला पाणी द्या, बसायला द्या आणि पहिला प्रश्न हाच विचारा : दुसरा रूळ कोणत्या साली?