पगार आणि समाधान

आपली कित्येक मुले आज अमेरिकेतील कंपन्यांत अकाउंट मॅनेजर आहेत. ग्राहकाचा रोष आणि कंपनीचे विक्रीचे उद्दिष्ट या दोहोंच्या मध्ये उभे राहणे, हेच त्यांचे काम. ‘समाधान नाही’ असे ती म्हणतात, तेव्हा आपण उत्तरतो, ‘एवढा पगार आहे, आणखी काय हवे? आम्ही काय कमी सोसले?’

एक डॉक्टर म्हणून मला हे उत्तर घातक वाटते. नोकरीतील दीर्घ ताणातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली नोंदविली : थकवा, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास. त्यात आपल्या मुलांना भारतीय सहकाऱ्यांकडून आडनाव चाचपले जाण्याची धास्ती! सिअ‍ॅटल शहराने २०२३ साली जातिभेदास कायद्याने बंदी घातली, ती उगाच नव्हे.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री या नात्याने १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. श्रमिकाला मजुरीइतकीच विश्रांती आणि प्रतिष्ठाही हवी, हाच त्याचा अर्थ.

म्हणून बंधुभगिनींनो, मुलांची पगारवाढ विचारण्यापूर्वी त्यांचा दिवस कसा गेला, हे विचारू या. त्यांचे ऐकून घेणे, हीही मैत्रीभावनाच होय.

जय भीम!