बापाची रिकामी जागा



आपल्या घरांतील तरुण मुले हल्ली कानांत यंत्रे घालून जी पाश्चात्त्य गाणी ऐकतात, ती वडील मंडळींना बहुधा नुसता गोंगाट वाटतात. मिस्सेच्या वेळी गायकवृंदात गिटार वाजविणारा मुलगा घरी आल्यावर असले काय ऐकत बसतो, अशी तक्रार अनेक माता करतात. ही तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. तथापि त्या गोंगाटात कधी कधी एखाद्या पोरक्या मुलाचा हुंदका दडलेला असतो, आणि तो ओळखणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. आज अशाच एका गीताविषयी आणि त्या निमित्ताने हैदराबादच्या मुलांविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

लंडनचा ‘पिंक फ्लॉइड’ हा वाद्यवृंद ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीतप्रकारासाठी प्रसिद्ध झाला. या प्रकारात नाचाच्या ठेक्यापेक्षा एखादी कथा किंवा विचार दीर्घ रचनेतून मांडण्यावर भर असतो. त्यांच्या रचनांवर १९८२ साली ‘द वॉल’ हा चित्रपट निघाला. त्यात ‘व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री’ हे गीत आहे. हे ‘टायगर’ म्हणजे वाघ नव्हेत. ते जर्मन सैन्याच्या अवजड रणगाड्यांचे नाव होते. गीताचे रचनाकार रॉजर वॉटर्स यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे १८ फेब्रुवारी १९४४ रोजी, रोमच्या दक्षिणेस असलेल्या अँझिओच्या रणभूमीवर मारले गेले. त्या दिवशी हा मुलगा अवघा पाच महिन्यांचा होता.

या पित्याची कथा विचार करावयास लावणारी आहे. धर्मश्रद्धेमुळे प्रारंभी त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला, आणि लंडनवर बॉम्ब पडत असताना रुग्णवाहिका चालविली. पुढे त्यांचे मत पालटले व ते सैन्यात गेले. त्यांचे स्वतःचे वडीलही १९१६ साली पहिल्या महायुद्धात पडले होते. म्हणजे एकाच घरात लागोपाठ दोन पिढ्यांची मुले युद्धाने पोरकी केली! एरिक यांचा देह सापडला नाही. कॅसिनो येथील स्मारकावर केवळ त्यांचे नाव कोरलेले आहे. जुन्या छायाचित्रांच्या खणात त्या मुलाला राजाकडून आलेले शोकपत्र सापडते, आणि त्यावरील सहीदेखील शिक्क्याने उमटविलेली असते, असे हे गीत सांगते. बापाच्या बदल्यात हाती आला तो एक कागद.

त्या गीतात क्षमा नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी बापाला मरणाच्या दाढेत धाडले, त्यांच्याविषयीचा संताप त्यात आहे. ‘वॉल’ म्हणजे भिंत. ज्या मुलाचे दुःख कोणी ऐकून घेतले नाही, ते स्वतःभोवती एकेक वीट रचून भिंत उभारते, आणि मोठेपणी त्या भिंतीत स्वतःच कोंडले जाते, हे त्या चित्रपटाचे सूत्र आहे.

वाचकहो, हे दुःख केवळ विलायतेचे नव्हे. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९४७-४८ साली कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत माजविली. बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये त्यांनी कत्तल केली. कितीतरी कुटुंबे कच्चीबच्ची घेऊन सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेले भारतीय रणगाडे नळदुर्गात शिरले. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून साजरा होतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. त्यानंतर सूडाचा वणवा पेटला. पंतप्रधान नेहरूंनी धाडलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळाने वर्षअखेरीस जिल्हे पाहिले. कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज त्यांनी नोंदविला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, नांदेड, बिदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ पोचली होती. हा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला.

या आकड्यांमागे मुले आहेत. रझाकारांनी ज्याचा बाप मारला ते मूल आणि पुढच्या सूडात ज्याचा बाप गेला ते मूल, या दोघांच्या घरी पानावर बसताना एकच जागा रिकामी राहिली. त्यांना राजाचे पत्रही आले नाही. त्या वेळी सहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी ओलांडून गेले आहे.

त्या अंधारात दिवे नव्हतेच असे मात्र नव्हे. हैदराबादच्या ‘इमरोज’ पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी स्वतः मुसलमान असून रझाकारांविरुद्ध लेखणी चालविली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठी प्राण दिले. पुढे सूडाच्या दिवसांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचविल्याचे दाखलेही आहेत.

अशा प्रसंगी ख्रिस्तसभा कोणत्या बाजूस उभी राहते? पहिल्या महायुद्धानंतर, २४ नोव्हेंबर १९१९ रोजी, परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी मध्य युरोपातील उपाशी मुलांसाठी एक विश्वपत्र लिहिले, आणि २८ डिसेंबर या निष्पाप बालहुतात्म्यांच्या सणाच्या दिवशी सर्व देवळांत त्यांच्याकरिता दान गोळा करावयास सांगितले. ती मुले बहुतांशी पराभूत राष्ट्रांची, म्हणजे अनेकांच्या दृष्टीने शत्रूची होती. मूल कोणाचे, हा प्रश्न परमगुरूंनी विचारला नाही. ते उपाशी आहे, एवढेच त्यांना पुरेसे होते.

आपल्याकडून एवढे तरी व्हावे. घरातील वृद्ध जुन्या दंग्याधोप्याच्या आठवणी सांगू लागले, तर त्यांना गप्प करू नये. त्यांच्या मनातील मूल आजही कोणी ऐकेल म्हणून वाट पाहत असते. मुलांना इतिहास सांगताना तो अर्धा सांगू नये. रझाकारांचा जुलूम सांगावा, नंतरचा सूडही सांगावा, आणि शोएबुल्ला खान यांचे नाव अवश्य सांगावे. अर्धा इतिहास मुलाच्या हाती वीट देतो. पूर्ण इतिहास त्याला रडावयास व क्षमा करावयास शिकवितो.

आणि मुलगा आपले गाणे ऐकत बसला असेल, तर एकदा त्याच्याजवळ बसून त्याचा अर्थ विचारावा. मग सायंकाळी रोझरीच्या वेळी त्याच मुलाला एक हेतू मांडावयास सांगावे : युद्धाने ज्यांचे बाप नेले, त्या सर्व मुलांसाठी, मग ती आपली असोत वा परक्याची.